पॉलिॲनिलीन चढवलेल्या सुती कापडाचा रेझिस्टन्स नक्की मोजायचा कसा? मीटर दर वेळी वेगळंच सांगतोय

ताणाबाणा_इचल

नमस्कार मंडळी. टेक्सटाइलच्या शेवटच्या वर्षाला आहे, इचलकरंजीत. प्रोजेक्ट असा घेतलाय की साध्या सुती पॉपलिनवर पॉलिॲनिलीन, म्हणजे करंट वाहून नेणारं पॉलिमर, चढवायचं आणि त्याचा गुडघ्याला बांधायचा गरम पट्टा करायचा, पॉवर बँकवर चालणारा, आजीच्या गुडघ्यासाठी म्हणून सुचलेली आयडिया, सरांना पण आवडली. कापड केलं कसं तर ॲनिलीन हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या पाण्यात विरघळवून त्यात कापड भिजत ठेवलं, भांडं बर्फात, आणि वरून अमोनियम परसल्फेट हळूहळू सोडलं. आधी काहीच होईना, मग निळसर, मग एकदम गडद हिरवं झालं, दिसायला भारी.

आता घोळ इथून सुरू. साध्या मल्टिमीटरचे दोन प्रोब ५ सेमी अंतरावर टेकवले तर ९०० ओहमच्या आसपास येतं, १० सेमीवर टेकवले तर दुप्पट यायला पाहिजे ना, तर हजाराच्या आतबाहेरच घुटमळतं. प्रोब जोरात दाबला की आकडा खाली, हलका धरला की वर. ओलं असताना मोजलं तर कमी, वाळल्यावर जास्त. आणि कहर म्हणजे एक तुकडा रूममेटच्या डिटर्जंटमध्ये धुऊन बघितला, वॉश फास्टनेस बघायला, तर कापड हिरव्याचं निळं झालं आणि मीटर 'ओएल' दाखवतोय, म्हणजे ओपनच. पॉवर बँक जोडली तर कापड गरम सोडा, कोमट पण होत नाही आणि बँक थोड्या वेळाने आपोआप बंद पडते.

सरांना रिपोर्टमध्ये रेझिस्टन्सचं टेबल पाहिजे. मी यातला कुठला आकडा लिहू? कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

खटका_पुणे

टेबलमध्ये यातला एकही लिहू नकोस :)

मी टेक्सटाइलवाला नाही, इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे, पण हा प्रॉब्लेम आमच्याकडचाच आहे. तुझ्या डोक्यात वायर आहे, वायर दुप्पट लांब तर रेझिस्टन्स दुप्पट. कापड वायर नाही, पत्रा आहे. पत्र्यावर दोन टोकदार प्रोब टेकवले की करंट एका प्रोबमधून चहूबाजूंनी पसरतो आणि दुसऱ्याजवळ परत गोळा होतो, मधल्या मोकळ्या जागेत त्याला भरपूर रुंदी मिळते त्यामुळे तिथे फारसा अडत नाही, खरा अडथळा सगळा प्रोबच्या टोकाभोवतीच्या काही मिलिमीटरमध्ये. म्हणून अंतर वाढवलं तरी आकडा लॉगच्या चालीने वाढतो. टोक साधारण अर्ध्या मिमी त्रिज्येचं धर, ५ सेमीवरून १० सेमीवर गेलास तर गणिताने जेमतेम १५ टक्के फरक पडतो. तुझा मीटर खोटं बोलत नाहीये, तू त्याला भलताच प्रश्न विचारतोयस. आणि दाबल्यावर आकडा उतरतो तो कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स, कापडाचा त्यात संबंध नाही, टोक किती धाग्यांना नीट टेकलं एवढंच ते सांगतं.

तुला हवाय तो शीट रेझिस्टन्स, ओहम पर स्क्वेअर. चौरस तुकडा घ्यायचा, समोरासमोरच्या दोन कडांवर पूर्ण लांबीचा कॉन्टॅक्ट द्यायचा, जो रेझिस्टन्स येईल तो. चौरस २ सेमीचा असो की २ फुटाचा, आकडा तोच, कारण लांबी वाढली तेवढीच रुंदी पण वाढली. मग कुठल्याही आयताचा रेझिस्टन्स म्हणजे शीट रेझिस्टन्स गुणिले लांबी भागिले रुंदी, संपलं.

मोजायचं असं: अडीच सेमी रुंद, १५ एक सेमी लांब पट्टी काप. तिच्यावर आडव्या चार कॉपर टेप, प्रत्येक टेप पूर्ण रुंदीभर, या कडेपासून त्या कडेपर्यंत. बाहेरच्या दोन टेपमधून करंट सोडायचा, ९ व्होल्टची बॅटरी आणि सिरीजमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर पुरे, एका मीटरने करंट मोज. दुसऱ्या मीटरने फक्त आतल्या दोन टेपमधला व्होल्टेज. मीटरमधून करंट जवळजवळ जातच नाही त्यामुळे आतल्या टेपचा कॉन्टॅक्ट खराब असला तरी काही बिघडत नाही, हीच चार टोकांची गंमत. आतल्या टेपमध्ये ५ सेमी ठेवलेस तर पट्टीचे दोन चौरस झाले, व्होल्टेज भागिले करंट, आलेल्या आकड्याचं अर्ध.

सर्किटकाका

फोर प्रोबमध्ये ४.५३ ने गुणायचं असतं, ते विसरलात. आमच्या कॉलेजात सेमीकंडक्टरच्या लॅबमध्ये असंच शिकवायचे.

खटका_पुणे

काका ते ४.५३ म्हणजे पाय भागिले २ चा नॅचरल लॉग, आणि ते चार टोकदार सुया एका ओळीत सारख्या अंतरावर आणि खाली पत्रा सुयांच्या मानाने खूप मोठा, तेव्हाचं. इथे टेप पूर्ण रुंदीभर आहे, करंट सरळ समांतर वाहतो, पसरायला जागाच नाही. इथे ४.५३ लावलं तर पोराचा आकडा साडेचार पट फुगेल आणि एक्स्टर्नल त्याला तिथेच धरेल.

सर्किटकाका

बरोबर, पूर्ण रुंदीचं म्हणालात ते माझ्या वाचण्यातून सुटलं. सुया वापरल्या तरच ४.५३.

रसायनवाली

निळ्या रंगाचं मी सांगते. (मी जर्मनीत पॉलिमरवर पीएचडी करतेय, मूळची सांगलीची, इचलकरंजीचं नाव दिसलं म्हणून थांबले.)

तुझं कापड बिघडलं नाहीये, त्याचं ॲसिड निघून गेलंय. पॉलिॲनिलीनच्या ज्या रूपातून करंट वाहतो त्याला एमराल्डिन सॉल्ट म्हणतात, ते हिरवं. त्याच्या साखळीतल्या नायट्रोजनवर ॲसिडचे प्रोटॉन बसलेले असतात आणि त्यामुळेच साखळीवर चार्ज फिरायला मोकळा होतो, यालाच डोपिंग म्हणायचं. डिटर्जंट अल्कलाइन असतो, त्याने हे प्रोटॉन काढून घेतले की मागे राहतं एमराल्डिन बेस, निळं, आणि करंटच्या दृष्टीने साध्या प्लास्टिकसारखं. पॉलिमर कापडावर जसाच्या तसा आहे. तो निळा तुकडा पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बुडव, डोळ्यांदेखत हिरवा होईल, वाळवून मोज, रेझिस्टन्स बराचसा परत येईल. हा फोटो रिपोर्टमध्ये टाकच, आकड्यांपेक्षा लोकांना तो लक्षात राहतो.

पण तुझ्या पट्ट्याच्या दृष्टीने ही वाईट बातमी आहे. पॉलिॲनिलीनला ॲसिडिक वातावरण लागतं, पीएच चारच्या वर सरकला की डोपिंग सुटायला लागतं. आपली कातडी साधारण साडेपाचच्या आसपास, घाम कधी त्याहून वर. म्हणजे साबण नाही लावला तरी अंगावर बांधून घाम आला की रेझिस्टन्स चढणार. त्यात तू डोपंट म्हणून हायड्रोक्लोरिक वापरलंयस, ते उडून जाणारं ॲसिड, कापड गरम केलं की अजून पटकन उडतं. म्हणजे तुझा पट्टा चालला तर चालण्यानेच स्वतःला खराब करणार! निदान पॅरा टोल्युईन सल्फोनिक ॲसिड किंवा डोडेसिल बेंझीन सल्फोनिक ॲसिड वापर, ते मोठे रेणू आहेत, सहजासहजी हलत नाहीत.

अंगावरच्या कापडांसाठी लोक म्हणून पॉलिपायरोलकडे किंवा पेडॉट-पीएसएसकडे वळले, ही पण करंट वाहणारी पॉलिमरच. पॉलिपायरोल पण अल्कलीत थोडं खराब होतंच, पण पॉलिॲनिलीनइतकं हळवं नाही. पेडॉट तर बायर या जर्मन कंपनीने १९८० च्या दशकाच्या शेवटी आणलं आणि त्याचा सुरुवातीचा मोठा उपयोग कुठला तर फोटोच्या फिल्मवर स्टॅटिक चार्ज साठू नये म्हणून द्यायचा थर. तिथे कुणाला कमी ओहम नको होते, चार्ज निचरून जाण्यापुरते हवे होते. या सगळ्या फॅमिलीची सुरुवात १९७७ ची, शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिॲसिटिलीनला आयोडीन देऊन करंट वाहवून दाखवला, २००० चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यालाच. तुझ्या प्रस्तावनेत दोन ओळी होतील.

ओल्या कापडाचं पण सोपं आहे. ओल्यात ॲसिडचं पाणी असतं आणि त्यातून आयन वाहतात, तू पॉलिमर नाही, पाणी मोजतोयस. ॲसिडच्या पाण्यात भिजवलेलं कोरं पांढरं कापड मोजून बघ, तिथे पण आकडा येईल.

आणि ॲनिलीन हाताळताना ग्लोव्हज घालतोस ना? ते कातडीतून आत जातं आणि रक्तातली ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद घालवतं. आजीच्या गुडघ्याला हे कापड थेट लावायचं नाही, कितीही धुतलेलं असलं तरी.

जुना_प्रोसेसवाला

पोरांनो तुम्ही सगळे ओहममध्ये अडकलात, कापडाकडे कोणी बघितलंच नाही. मी आयुष्य प्रोसेस हाउसमध्ये काढलंय.

पहिला प्रश्न, पॉपलिन आणलंस ते ग्रे होतं की धुतलेलं? लूमवरून उतरलेल्या कापडाच्या ताण्याला सायझिंग असतं, स्टार्च, पीव्हीए, काय काय. त्याच्यावर तुझं केमिकल चढलं तर ते धाग्यावर नाही, खळीवर चढलं, पहिल्या धुण्यात खळीबरोबर गेलं. डिसाइझिंग कर, मग स्कावरिंग, कॉस्टिकमध्ये उकळून मेण आणि तेल काढ, आणि मग पाण्याचा एक थेंब टाकून बघ, टाकल्याटाकल्या आत शिरला पाहिजे. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर पुढे जाऊच नको. निम्म्या लोकांचं कोटिंग पॅचेसमध्ये येतं ते याच्यामुळे, आणि पॅचेस असले की एका जागी ३०० आणि बोटभर बाजूला ३०००.

दुसरं, सुती कापड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड हे वैर आहे. सेल्युलोजच्या साखळ्या ॲसिडने तुटतात. बर्फात ठेवलंस म्हणून वाचलास, पण कापडात ॲसिड ठेवून गरम वाळवलंस तर कापड हाताने फाटेल. कोटिंगच्या आधीची आणि नंतरची टेन्साइल स्ट्रेंग्थ काढ, तुमच्या लॅबला मशीन असणारच. ॲसिडमध्ये काम करायचं तर पॉलिस्टर बरं, फक्त ते पाणी पीत नाही म्हणून त्याला आधी कॉस्टिकची हलकी ट्रीटमेंट देऊन पृष्ठभाग खरबरीत करून घे, म्हणजे थर धरून राहील.

तिसरं, ताणा आणि बाणा वेगळे मोज. पॉपलिनमध्ये एका इंचात ताण्याचे धागे बाण्यापेक्षा बरेच जास्त असतात. करंट धाग्याच्या लांबीने पळतो, एका धाग्यावरून दुसऱ्यावर उडी मारायची तर जिथे ते एकमेकांना टेकतात तिथेच. त्यामुळे दोन्ही दिशांचा आकडा सारखा येणार नाही, आला तर मलाच शंका येईल.

आणि हवा. सुताचा रिगेन, म्हणजे हवेतून ओढून घेतलेलं पाणी, ६५ टक्के आर्द्रतेला साडेआठ टक्के असतो, पॉलिस्टरचा अर्धा टक्का पण नाही. आपल्याकडे एप्रिलमध्ये मोजलेलं आणि जुलैमध्ये मोजलेलं सुती कापड ही दोन वेगळी कापडं समज. कंडिशनिंग रूममध्ये, २७ डिग्री आणि ६५ टक्क्यांना एक रात्र ठेव आणि तिथेच मोज. रिपोर्टमध्ये ओहमच्या शेजारी तापमान आणि आर्द्रता लिहिली नसेल तर तो आकडा मी वाचत पण नाही. टेस्ट मेथड विचारली तर एएटीसीसी या अमेरिकन टेक्सटाइल संस्थेची ७६ नंबरची मेथड बघ, कापडाच्या सरफेस रेझिस्टिव्हिटीचीच आहे, त्यात दोन समांतर इलेक्ट्रोड पण चालतात आणि एकात एक गोल रिंगवाले पण. रिंगवाल्यात ताणा बाणा मिसळून एकच आकडा येतो एवढं ध्यानात ठेव.

ताणाबाणा_इचल

बापरे, एवढं कुणी सांगेल वाटलं नव्हतं, सगळ्यांना थँक्यू. पॉपलिन ग्रेच होतं काका, दुकानदाराने दिलं तसं घेतलेलं. आता डिसाइझिंग स्कावरिंग करून नवीन तुकडा केला, ताईंनी सांगितलेलं टोल्युईन सल्फोनिक वापरून, आणि खटका दादांच्या चार टेपने मोजला, कंडिशनिंग रूममध्येच. ताण्याच्या दिशेने ३८० ओहम पर स्क्वेअरच्या आसपास, बाण्याच्या दिशेने ५२०. आणि आता टेप लांब लावली जवळ लावली तरी आकडा हलत नाही, थोडा इकडेतिकडे सोडून. निळा तुकडा ॲसिडमध्ये घातल्यावर खरंच हिरवा झाला, अख्खं हॉस्टेल बघायला आलं.

पण गरम काही होत नाही अजून. १० बाय ३० सेमीचा पट्टा आहे, दोन्ही टोकांना वायर लावली, ५ व्होल्ट. सर म्हणतात अजून दोनदा तीनदा कोटिंग कर, रेझिस्टन्स उतरव. करू का?

खटका_पुणे

कोटिंग वाढवून थोडं उतरेल, पण पहिल्या थराला जेवढं उतरतं तेवढं पुढच्या थराला उतरत नाही, आणि वरचा थर सैल बसतो, हाताला काळंहिरवं लागेल. आधी गणित कर.

शीट रेझिस्टन्स ४०० धरू. तू टोकांना वायर लावलीस म्हणजे करंट ३० सेमी लांब आणि १० सेमी रुंद रस्त्याने जातोय, तीन चौरस, १२०० ओहम. ५ चा वर्ग २५, भागिले १२००, म्हणजे ०.०२ वॉट. एवढ्यात काय गरम होणार? आणि करंट ४ मिलिॲम्प, पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही, म्हणून ती बंद होते, बिचारीचा दोष नाही.

त्याच कापडाला लांब कडांनी कॉन्टॅक्ट दे, म्हणजे रस्ता १० सेमी लांब आणि ३० सेमी रुंद. एक तृतीयांश चौरस, १३३ ओहम, ०.१९ वॉट. कापड तेच, कोटिंग तेच, नुसती वायरची जागा बदलून नऊ पट.

आता फणी कर. चांदीचा मुलामा दिलेला नायलॉन धागा मिळतो, तो पट्ट्यावर आडवा शिवत जा, दर २ सेमीला एक ओळ, एक ओळ प्लसला, पुढची मायनसला, पुढची परत प्लसला, दोन फण्यांचे दात एकमेकांत अडकवल्यासारखं. १६ ओळी, मधे १५ गाळे. प्रत्येक गाळा २ सेमी लांब १० सेमी रुंद म्हणजे ८० ओहम, १५ गाळे पॅरलल, साधारण ५.३ ओहम. २५ भागिले ५.३, साडेचार वॉटच्या वर, करंट एक ॲम्पच्या जरा आत. साधी पॉवर बँक आरामात देते. ओळी वाटेल तशा जवळ मात्र आणू नको, अंतर निम्मं केलंस की वॉट चौपट होतात.

कागदावर हे छान दिसतं, प्रत्यक्षात कमी येईल. धागा कापडाला टाक्याटाक्यालाच टेकतो, तिथे कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स खातो, आणि कडेने सगळ्या दातांना जोडणारा जो मुख्य धागा आहे त्यातून पूर्ण करंट जातो, तो एकेरी ठेवलास तर कापडाऐवजी तोच तापेल. तिथे तीन चार पदर घे नाहीतर सरळ तांब्याची जाळीची पट्टी लाव.

अजून एक. धातू तापला की रेझिस्टन्स वाढतो, हे कापड उलटं आहे, तापलं की रेझिस्टन्स उतरतो, म्हणजे करंट अजून वाढतो. थर्मल कटऑफ, म्हणजे जास्त तापलं की करंट तोडणारा भाग, लावल्याशिवाय माणसाच्या अंगावर बांधायचं नाही. आणि घाई नसेल तर खरं सांगू, गरम पट्टाच करायचा असता तर मी कार्बन फायबर किंवा स्टीलचा धागा घेतला असता, पॉलिमरच्या वाटेला गेलोच नसतो.

रसायनवाली

याच्याशी मी सहमत, आणि म्हणूनच सुचवते, गुडघा सोडू नको, गरम करणं सोड. सुती पॉपलिनऐवजी नायलॉन लायक्राचं निटेड कापड घे, त्याच्यावर पॉलिपायरोल चढव, फेरिक क्लोराइडने होतं, कापड काळं होईल. ते ताणलं की रेझिस्टन्स बदलतो, म्हणजे गुडघा किती वाकला ते कळतं. हे हवेतलं नाही, ऑस्ट्रेलियात वुलनगाँग युनिव्हर्सिटी आणि सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने बरोबर असंच नी स्लीव्ह केलंय, पॉलिपायरोल लावलेली नायलॉन लायक्राची पट्टी गुडघ्यावर, ठरावीक कोनात वाकला की बझर वाजतो, उडी मारून उतरताना गुडघा नीट वाकवायची सवय खेळाडूंना लागावी म्हणून. आजीला फिजिओने दिलेले व्यायाम मोजायला हेच उपयोगी पडेल. तिथे तुला ४०० ओहम असोत की ४० हजार, काही बिघडत नाही, बदल नीट दिसला म्हणजे झालं.

फक्त दोन गोष्टी आधीच लिहून ठेव नाहीतर व्हायवाला अडकशील. ताण सोडला तरी आकडा लगेच मूळ जागी येत नाही, रेंगाळत येतो, त्यामुळे ताणतानाचा आणि सोडतानाचा ग्राफ एकमेकांवर बसत नाही. आणि हवेतल्या ऑक्सिजनने पॉलिपायरोल म्हातारं होतं, नुसतं कपाटात ठेवलं तरी रेझिस्टन्स चढत राहतो, उष्णता आणि दमट हवा असली की जास्त पटकन. एक तुकडा काही न करता ठेवून दे आणि सबमिशनपर्यंत अधूनमधून मोजत राहा, तो कंट्रोल. डोपंटमध्ये अँथ्राक्विनोन सल्फोनेट मिळालं तर बघ, त्याच्याने म्हातारपण बरंच लांबतं.

ताणाबाणा_इचल

ताई हे भारीच आहे, पण सिनॉप्सिसमध्ये 'हीटिंग पॅड' लिहून सही होऊन गेलीये. सरांना विचारतो बदलता येतंय का. नाहीतर दोन्ही करतो, फणीवाला पट्टा पण आणि सेन्सर पण. लायक्रावर ते फेरिक क्लोराइड, लोखंडाचं केमिकल, चालतं का, कापड कुजणार नाही ना?

जुना_प्रोसेसवाला

पातळ सोल्युशन, थंड, आणि नंतर भरपूर पाण्याने धुवायचं, चालतं. ताणून फ्रेमवर लावून कोटिंग करू नको, सैल सोड, नाहीतर सोडल्यावर आकसेल आणि थराला चिरा जातील. आणि उरलेलं बाथ बेसिनमध्ये ओतू नको रे बाबा, ॲनिलीनचं तर अजिबातच नाही. कॅनमध्ये भरून नाव लिहून लॅब असिस्टंटकडे दे.

खटका_पुणे

सेन्सरसाठी सर्किट लागलं तर सांग, वेगळा धागा काढ. साधा व्होल्टेज डिव्हायडर (कापड आणि एक रेझिस्टर सिरीजमध्ये) आणि व्होल्टेज वाचायला एक आर्डुइनो बोर्ड, बाकी काही लागत नाही. सिरीजचा रेझिस्टर कापडाच्या सैल असतानाच्या रेझिस्टन्सच्या जवळपास घे, तिथे बदल सगळ्यात जास्त दिसतो.